नारखेडे सरांचे एक्क्याऐंशी

नारखेडे सरांचा आवाज मला आधी भेटला, सर नंतर. जळगावात नव्यानेच निघालेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवायला रुजू झाले, तेव्हा कॉलेजची इमारत कागदावर होती आणि वर्ग एका जुन्या गोदामात भरत होते. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गोदामाचे भाग पाडायला प्लायवूडच्या भिंती ठोकल्या होत्या, पण त्या काही छतापर्यंत पोचत नव्हत्या. त्यामुळे माझ्या पोरांना माझ्या गणिताबरोबर पलीकडचा विषयही फुकटात मिळायचा. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर काहीतरी सोडवत होते आणि पलीकडून खणखणीत प्रश्न आला, "पुसू का?"

पलीकडची पोरं ओरडली, "पुसा सर!"

"कोणाला विचारून?"

मग तोच आवाज म्हणाला, "मला नका सांगू. त्या लाकडाला विचारा, पुसू का म्हणून."

माझा सगळा वर्ग हसायला लागला. मी धुळ्याची, देवपुरातली. गप्प बसण्याबद्दल आमच्या घराची कधीच ख्याती नव्हती. तास संपल्याबरोबर मी तरातरा पलीकडे गेले, की हा कोण गृहस्थ लाकडाशी बोलतो आणि माझा तास मोडतो.

फळ्यापाशी पन्नाशीकडे झुकलेले, बुटके, रुंद खांद्याचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा बुशशर्ट, आणि उजवा हात मनगटापर्यंत खडूने माखलेला. डस्टर टेबलावर नव्यासारखं कोरं पडलं होतं, कारण सर फळा तळहाताने पुसत. फळ्यावर सहा ओळी, सहा रकान्यांचा तक्ता होता आणि त्यातली बरीच घरं पुसलेली होती. मी भांडणाला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात सागाचा एक ठोकळा दिला.

"तुम्ही गणिताच्या ना? बरं झालं आल्या. हा उलटा करून पाहा बरं. काही फरक दिसतो?"

मी मुकाट्याने ठोकळा उलटा करून पाहिला. भांडायचं राहिलं ते राहिलंच.

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'एक्क्याऐंशी सर'. ते का, हे मला पुढच्या पंधरवड्यात पार्टिशनच्या या बाजूने कळलं. सरांचा विषय होता इलॅस्टिसिटी, म्हणजे घन वस्तू ओढली, दाबली, मुरगळली तर ती किती आणि कशी ताणली जाते याचं शास्त्र. वस्तूवर कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेने जोर पडतो, हे पूर्ण सांगायला नऊ आकडे लागतात. ती कशी ताणली गेली, तिरकी झाली, हे सांगायला आणखी नऊ. यातल्या प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध असू शकतो. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. म्हणजे एक साधी फळी ओळखायची तर तिचे एक्क्याऐंशी गुण माहीत हवेत. हा आकडा सर अशा थाटात सांगत, की पोरं घाबरून पेनं खाली ठेवत.

आणि मग सर पुसायला लागत. मला वाटतं, त्यांना या विषयात खरा आनंद होता तो याच भागाचा. वस्तू जागच्या जागी गरगर फिरत नाही, एवढ्या एका गोष्टीवर एक्क्याऐंशीचे छत्तीस होत. ओढताना घातलेली शक्ती सोडल्यावर पुरती परत मिळते, यावर छत्तीसचे एकवीस. इथपर्यंतची पुसापुशी कुठल्याही वस्तूला लागू. पण याच्या पुढे, सर म्हणत, तुमची हुशारी चालत नाही. पुढे वस्तू सांगेल तेवढंच पुसायचं.

ते ठोकळा हातात धरून विचारत, "ही फळी मी सरळ तिच्या धाग्याच्या दिशेने ओढली. ती लांब होईल, कबूल. पण ओढल्यावर ती तिरकी होईल का? समजा झाली. मग कुठे झुकेल, डावीकडे का उजवीकडे? फळी डावीकडून पाहिली काय आणि उजवीकडून पाहिली काय, सारखीच आहे. तिने कोणाचं ऐकावं? डावीकडे जावं तर उजवी बाजू म्हणेल, माझ्यात काय कमी आहे? म्हणून ती कुठंच झुकत नाही. सरळच राहते. म्हणजे या घरात शून्य. आता पुसा."

आणि तळहात फिरे. एका बाजूचा सारखेपणा मिळाला की एकवीसचे तेरा. तिन्ही बाजूंचा मिळाला की नऊ. सागाचा ठोकळा इथे थांबतो. त्याची धाग्याची दिशा वेगळी, गाभ्याकडे जाणारी वेगळी आणि खोडातल्या वर्तुळांच्या कडेने जाणारी वेगळी. सर ठोकळा टेबलावर ठेवत आणि कपाशीच्या काड्यांची घट्ट बांधलेली मोळी उचलत. ही उभी वेगळी, पण आडवी कुठूनही दाबा, सारखीच. हिला पाच आकडे पुरतात. मग खिशातून मिठाचा खडा निघे. त्याला तीन. शेवटी लोखंडाची पट्टी. तिला कशीही धरा, कुठूनही ओढा, ती तक्रार करत नाही. तिला फक्त दोन.

एवढं बोलून सर फळ्याकडे पाठ करत आणि पोरांकडे बघत उभे राहत. भलामोठा फळा जवळजवळ रिकामा झालेला असे. मी गणितात एम.एस्सी. केलं होतं, सममितीवरचे जाडजूड ग्रंथ वाचले होते, पण रिकाम्या होत जाणाऱ्या फळ्यात एवढी गंमत असते हे मला कोणी दाखवलं नव्हतं. पुढे पुढे माझा तास मोकळा असला की मी सरळ त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची.

सर सावद्याकडचे, लेवा पाटील. घरी केळीचे मळे, भाऊ शेती बघायचे. वर्गात ते शुद्ध बोलायचा कसून प्रयत्न करत, पण रंगात आले की 'मला'चं 'मले' व्हायचं आणि पोरं खूश व्हायची. मला ते पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणत, वयाने मी त्यांच्या मुलीएवढी असून. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. वहिनींची कायमची तक्रार एकच होती, की या माणसाला बाजारात नेण्याची सोय नाही.

त्याचा अनुभव मी एकदा घेतला. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि साड्या घ्यायला वहिनी माझ्याबरोबर आल्या. सरही आले. दुकानदाराने एक भारी साडी उलगडली. सरांनी तिचा पदर दोन्ही हातांत धरला, उभा ओढला, आडवा ओढला आणि मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका असा काही ओढला, की दुकानदार गादीवरून अर्धा उठला.

"अहो साहेब, काय करता!"

"बघा ताई," सर माझ्याकडे वळून म्हणाले, "उभ्या धाग्याने ओढलं, हलत नाही. आडव्याने, हलत नाही. आणि तिरकं ओढलं की कशी सैल पडते! म्हणजे उभ्या-आडव्याचे आकडे कितीही माहीत असू द्या, तिरक्याचा आकडा त्यांच्यातून निघत नाही. तो निराळा मोजावा लागतो. लोखंडात तो निघतो, इथे निघत नाही."

"तुम्ही साडी घेणार आहात का?" दुकानदाराने विचारलं.

"घेणार ना," वहिनी घाईघाईने म्हणाल्या, आणि ती महागडी साडी आम्हाला घ्यावी लागली. माझी बहीण आजही ती नेसते आणि तिरकी कुठे ओढली गेली ते मला दाखवते.

हिवाळ्यात सर आम्हाला सगळ्या स्टाफला मळ्यात भरिताला नेत. लेवा घरचं भरीत म्हणजे चेष्टा नाही. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात घालून हिरव्या मिरच्यांबरोबर बडवायची. बडवायचं काम सर कोणाला देत नसत. एका वर्षी बडवता बडवता ते थांबले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही मागे विचारलं होतं ना, लोखंडाच्या एकेका कणाला तीन आकडे लागतात, तर अख्ख्या पट्टीला दोनच कसे पुरतात? हे बघा. अख्ख्या वांग्याला उभं-आडवं असतं, देठ असतो, शिरा असतात. बडवल्यावर सगळे धागे कुठे कुठे झाले, कोणी इकडे तोंड करून, कोणी तिकडे. आता कुठूनही घास घ्या, सारखाच. लोखंडात कणांचं असंच होतं. एकेक कण दिशेचा पक्का, पण सगळे मिळून कोणत्याच दिशेचे नाहीत."

"सर, पण भरीत ओढलं तर परत जागेवर येत नाही," मी म्हटलं. "ते लवचिक कुठे असतं?"

सरांनी भरिताचं भांडं पुढे सरकवलं. "बरोबर आहे तुमचं. उपमा इथवरच आहे. आता जेवा."

स्वतःचं खोडून टाकायला त्यांना कधी वेळ लागत नसे, आणि त्यात त्यांना काही कमीपणाही वाटत नसे. निदान मी तसंच समजत होते. तशी वेळ खरोखर आली, तेव्हा कळलं की भरिताची उपमा मागे घेणं आणि ते करणं यात किती फरक आहे.

विद्यापीठाचे पेपर कोण काढतं हे गुपित असतं. पण इलॅस्टिसिटीचा पेपर नारखेडे सर काढतात, हे आम्हाला दर वर्षी कळायचं, कारण तेवढे आठ-पंधरा दिवस सर स्टाफरूममध्ये कोणाशी विषयावर अवाक्षर बोलत नसत. एरवी त्यांना ते शक्यच नव्हतं. आम्हीही समजून काही विचारत नसू.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी भटू पाटील स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. भटू सोनगीरचा. महामार्गावर किल्ल्याच्या पायथ्याशी त्याचं घर. उंच, काळासावळा, बोलायला बुजरा. हुशारीत मधला. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्याची निवड झाली होती, फक्त पास झाल्याचा कागद द्यायचा होता. घरातला नोकरी लागणारा तो पहिलाच. आणि भटू नेमका इलॅस्टिसिटीत नापास झाला होता, थोडक्या मार्कांनी.

"काय रे, काय झालं?" सरांनी विचारलं. "एवढा काही तू कच्चा नव्हतास."

"सर, तो एक मोठा प्रश्न सोडला मी. म्हणजे सोडला नाही, उत्तर लिहिलं. पण शून्य दिलं असणार." बोलता बोलता त्याचा धीर सुटला आणि तो घरच्या अहिराणीवर आला. "सर, मी खोटं लिखेल नही. त्या लाकूडनी दिशाच दियेल नव्हती. बठ्ठास्नी आकडा टाकी दिधा. मी कसा टाकू?"

"कुठलं लाकूड?"

भटूने प्रश्न सांगितला, जो बाकी सगळ्यांनी आकडे घालून सोडवला होता. सागाचा एक ठोकळा आहे, तिन्ही बाजूंनी अमुक अमुक दाब दिला आहे, दोन गुणांक दिले आहेत, तर ठोकळ्याच्या लांबी-रुंदीत किती फरक पडेल ते काढा. आणि भटूने उत्तरात लिहिलं होतं, की दिलेली माहिती अपुरी आहे. लाकूड सगळ्या दिशांनी सारखं नसतं, त्याला दोन आकडे पुरत नाहीत, नऊ लागतात, आणि ठोकळ्याची कोणती बाजू धाग्यांना समांतर आहे हे प्रश्नात सांगितलेलं नाही. त्याखाली पान कोरं.

मी सरांच्या शेजारच्याच टेबलाशी बसले होते. सरांचा चेहरा मी पाहिला आणि हा प्रश्न त्यांचाच, हे मला तेव्हाच पक्कं कळलं. ते एवढंच म्हणाले, "तू घरी जा. दोन-चार दिवसांनी ये." भटू गेला.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "ताई, हा प्रश्न आधी लोखंडाच्या पट्टीचा होता. जुनाच होता माझा. म्हटलं, पोरांनी लोखंड कितीदा पाहायचं? आपल्या सातपुड्याचा साग द्यावा, ओळखीचा. म्हणून शब्द बदलला. आकडे तसेच राहिले, उत्तर तसंच राहिलं. दोन आकडे. सागाला." खडू पुन्हा उचलत ते म्हणाले, "आणि सगळ्यांनी सोडवला तो प्रश्न. माझ्या वर्गातल्या पोरांनीसुद्धा. एकट्या भटूने विचारलं."

कोणीही करावी अशी ही चूक नव्हती. पोरांना ओळखीची वस्तू द्यावी, ही ज्याची हौस, त्याच माणसाच्या हातून ती व्हावी, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पुढचं गणित सरळ होतं आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. भटूने फेरतपासणीला अर्ज केला असता, तर पेपर पुन्हा सरांनीच लिहून दिलेल्या नमुना उत्तरावरून तपासला गेला असता आणि पुन्हा शून्यच मिळालं असतं. नमुना उत्तर चूक आहे, हे पेपर काढणाऱ्यानेच लिहून दिलं तरच काही हललं असतं. दुसऱ्या बाजूला, विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि पुढच्याच महिन्यात मुलाखती होत्या. ती जागा सरांचीच, असं सगळे धरून चालले होते. स्वतःच्या विषयात स्वतः काढलेला प्रश्न चूक होता, असं विद्यापीठाला लेखी देणाऱ्याला ती कोण देणार?

प्राचार्य भला माणूस होता. त्याने सरांना समजावलं. "नारखेडे, मुलगा ऑक्टोबरला बसेल, पास होईल. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. पेपर कोणी काढला हे कोणालाच माहीत नाही. तुम्ही कशाला ओढवून घेता?"

"नोकरी सहा महिने थांबणार नाही," सर म्हणाले. "आणि साहेब, ते उत्तर बरोबर आहे हो. बरोबर उत्तराला शून्य कसं ठेवू?"

वहिनींनी मात्र वेगळंच केलं. सर विद्यापीठात निघाले त्या सकाळी त्यांनी दशम्या बांधून दिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "दोन रात्री झोपले नाहीत ते. काल मीच म्हटलं, जा आणि सांगून या, मले झोपू द्या." आणि एवढं म्हणून त्या डोळे पुसत आत गेल्या.

विद्यापीठात काय झालं ते सरांनीच परत आल्यावर सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्याला आधी वाटलं, हे गृहस्थ कोणा नातेवाइकासाठी आले आहेत. मग सरांनी त्याच्याच टेबलावरच्या लाकडी पट्टीवर सगळा विषय समजावला. अधिकारी कॉमर्सचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही असं लिहून देताय की चूक तुमची आहे?" सर म्हणाले, हो. "नीट विचार केलाय?" सर म्हणाले, प्रश्न काढताना केला नव्हता, आता केलाय.

मग समिती बसली. प्रश्नच सदोष म्हणून ज्यांनी ज्यांनी त्याचं काही उत्तर लिहिलं होतं त्या सगळ्यांना पूर्ण मार्क मिळाले. भटू पास झाला. सर भडकले, ते निराळ्याच गोष्टीवर. "अहो, ज्यांनी चुकीचं सोडवलं त्यांनाही पूर्ण? बरोबर फक्त एकट्या भटूचं होतं!" मी हसले तर माझ्यावरही रागावले. मागोमाग एक पत्र पाठवून विद्यापीठाने त्यांना पेपर काढण्याच्या कामातून मोकळं केलं. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची जागा त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान एका प्राध्यापकाला मिळाली. त्याचं अभिनंदन करायला सर सर्वांत आधी गेले.

भटूला मार्क मिळाले त्याच आठवड्यात तो पेढे घेऊन आला होता. नवा शर्ट, हातात मिठाईचा खोका, आणि जन्मात बोलला नसेल एवढं बोलत होता. वरणगावला हजर व्हायची तारीख मिळाली होती. त्याला एवढंच ठाऊक होतं, की प्रश्न चूक निघाला आणि मार्क मिळाले. त्याने आधी सरांना वाकून नमस्कार केला, पेढा दिला, मला दिला आणि आनंदाच्या भरात म्हणाला, "सर, पण असा पेपर काढणारा गधडा कोण हो? त्याला तुमच्या वर्गात आणून बसवला पाहिजे."

स्टाफरूममध्ये आम्ही तिघंच होतो. सर गप्प राहिले असते तर विषय तिथेच संपला असता. मी मनातल्या मनात म्हणत होते, सर, खा पेढा. बोलू नका.

सर हातातल्या पेढ्याकडे बघत म्हणाले, "मीच तो."

भटूने खोका टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. सरांनी मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. त्यांनी तो पेढा खाल्ला, हात झटकला आणि तासाला गेले.

त्यानंतर भटू कॉलेजात फिरकला नाही. दिवाळीला, गुरुपौर्णिमेला सरांकडे पोरांची रीघ असायची, कोणी भडगावहून, कोणी पार पुण्याहून यायचं. भटू कधी आला नाही. वरणगाव काही लांब नाही, तरी नाही. सर तसे पूर्वीसारखेच शिकवत राहिले, फळा पुसत राहिले, पण त्यांच्यात काहीतरी खचल्यासारखं झालं होतं. आम्ही सगळे धरून चाललो, की विभागप्रमुखपद हुकल्याचं ते दुःख आहे. मीही तेच मानत होते. नव्या प्रमुखाबद्दल मी एकदा काही वाकडं बोलले, तर सर म्हणाले, "नाही ताई, तो चांगलं काम करतो." मला वाटलं, मोठेपणाने बोलतात.

पुढे मी धुळ्याला आमच्या गावच्या कॉलेजात आले. सर निवृत्त झाले, सावद्याला राहायला गेले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मी त्यांना धुळ्याला एका व्याख्यानासाठी बोलावलं. विषय त्यांचाच. सर थकले होते, चष्म्याची काच जाड झाली होती, पण फळ्यापाशी उभे राहिले आणि आवाज तोच. एक्क्याऐंशीपासून खाली उतरता उतरता ते सागाच्या नऊवर आले आणि पोरांना म्हणाले, "इथे एक मास्तर एकदा न विचारता पुढे गेला. सागाला त्याने दोन आकडे दिले, आणि एका पोराची नोकरी जात होती. ते पोरगं मास्तरापेक्षा शहाणं निघालं, म्हणून ती वाचली." नाव त्यांनी घेतलं नाही, ना स्वतःचं ना त्याचं.

व्याख्यान संपलं, पोरं पांगली. मागच्या भिंतीशी एक उंच माणूस उभा होता, कपाळावरचे केस मागे हटलेले. मी ओळखलं नाही. तो पुढे आला, सरांच्या पायांवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. भटू होता. वरणगावची नोकरी पक्की झाली होती, सुटीवर सोनगीरला घरी आला होता, आणि सरांचं व्याख्यान आहे हे गावातल्या एका पोराकडून त्याला कळलं होतं.

"अरे ऊठ," सर म्हणाले. "इतकी वर्षं कुठे होतास? एकदाही आला नाहीस."

भटू उठला आणि म्हणाला, "सर, मी तुमले गधडा म्हनी टाकं. तुमना तोंडवर. मंग कोन्तं तोंड लई येऊ?"

इतकी वर्षं सरांना वाटत होतं, की पोराच्या मनातून आपण उतरलो. आणि पोरगं वरणगावला बसून आपल्याच बोलण्याच्या शरमेने दूर राहिलं होतं. सरांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "येड्या," ते म्हणाले, "तू जे म्हटलं ते बरोबरच होतं. त्याच्यासाठी कोणी तोंड लपवतं का?" आणि मग मोठ्याने हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. भटूही हसत होता, रडत होता, दोन्ही करत होता.

सरांना जळगावमार्गे सावद्याला जायचं होतं, आणि जळगावची गाडी सुटायला वेळ होता. आम्ही तिघं स्टँडवर उभे राहून चहा प्यालो. भटू कारखान्यातलं काहीतरी सांगत होता, सर मध्येच अडवून त्याला प्रश्न विचारत होते. गाडी लागल्यावर भटू जागा धरायला आत घुसला, तेव्हा सर माझ्याकडे वळले.

"ताई, ते प्रमुखाचं मले कधीच काही वाटलं नव्हतं हो. तुम्हा सगळ्यांना वाटायचं, म्हणून मी काही बोललो नाही. हे पोरगं येत नव्हतं, त्याचं वाटत होतं."

भटूने खिडकीतून हाक मारली, "सर, या, जागा मिळाली." सर कठड्याला धरून हळूहळू गाडीत चढले. भटूने त्यांना खिडकीशी बसवलं आणि उतरायचं सोडून स्वतःही शेजारी बसला. त्याचं घर होतं सोनगीरला, गाडी चालली होती नेमकी दुसऱ्या दिशेला. कंडक्टरने तिकीट विचारलं, तर भटूने दोन जळगाव मागितले.